हेल्वीचा दगड

“हलला म्हणायचा एकदाचा तुझा दगड,” बेकरीतली केर्त्तू म्हणाली आणि वेलदोड्याच्या पावाची पिशवी तिनं काउंटरवरून पुढे सरकवली. हेल्वीनं पिशवी घेतली. कोणता दगड, असं विचारण्याइतकी ती बावळट नव्हती. थंडर बे शहरातलं एखादं फिनिश माणूस हेल्वी सारेलाशी दगडाबद्दल बोलायला लागलं, की जगात तेवढा एकच दगड असतो. “कोणी?” एवढंच तिनं विचारलं. “अगं, मार्केत्ताची पोरगी, सान्नी. शनिवारी, सणाची शेकोटी पेटायच्या आधी. चांगली हातभर पुढे गेली म्हणे. तुला फोन नाही आला?” केर्त्तूच्या डोळ्यांत कणव होती, आणि त्या कणवेच्या मागं कुणाचंतरी पडलेलं तोंड पाहायला मिळाल्याची मजाही होती. “आला की,” हेल्वी म्हणाली, “सकाळीच आला.” फोनबिन काही आला नव्हता. ती बाहेर पडली तेव्हा तिच्या उजव्या कोपरात कळ उठली. हवेत गारवा नव्हता, हातात वजन नव्हतं, एक पाव आणि त्याचा वास, बस. आता काय दुखतोयस मेल्या, ती कोपराला म्हणाली. तुझं काम कधीच संपलंय. समोरून येणारा एक माणूस बाजूला झाला. पासष्टीकडं झुकलेली बाई भर रस्त्यात स्वतःच्या हाताशी भांडत असली, की लोक बाजूला होतातच.

मोडणार होताच कधीतरी. विक्रम असतो कशाला, मोडायला, हे वाक्य तिनं स्वतः कितीतरी वेळा लोकांना ऐकवलं होतं, हसून, मान जरा तिरकी करून, कॉफीचा कप हातात धरून. बोलताना पोटात खात्री असायची की आपला नाही मोडत. शहराबाहेर तळ्याकाठी असलेल्या भालाफेकीच्या त्या क्लबात कुणी फीत लावून मोजत नसत. “फीत लागते ती शिंप्याला,” असं तिचा बाप वैनो म्हणायचा आणि अख्खा क्लब त्यावर हसायचा. भाला जिथं टोचला तिथं लोखंडी खिळा जमिनीत ठोकायचा आणि त्यावर तळ्यातून आणलेला दगड ठेवायचा. झालं मोजमाप. बायकांचा एक दगड, पुरुषांचा एक. कुणी पुढं गेलंच तर त्या जागी बर्चच्या झाडाची फांदी खोचायची, आणि पुढच्या रविवारी कॉफी झाल्यावर ज्याचा दगड असेल त्यानंच तो आपल्या हातांनी उचलून फांदीपर्यंत न्यायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, जिंकणाऱ्यानं तर नाहीच. तोवर नवा विक्रम धरायचा नाही. पुरुषांचा दगड असा चार-पाच वेळा उचलला गेला होता. दरवेळी जुना पैलवान लालबुंद चेहऱ्यानं तो पोटाशी धरून चालायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग सगळे सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, जाऊन घाम गाळायचे. हेल्वी लहानपणापासून ते पाहून टाळ्या वाजवत आली होती. टाळ्या वाजवणाऱ्याला काय जातंय.

घरी येऊन तिनं पाव तसाच टेबलावर ठेवला आणि ओस्मोला फोन लावला. ओस्मो तिचा थोरला भाऊ. बापामागं घर, मैदान आणि क्लब तोच सांभाळत होता. फोन वाजत राहिला. ओस्मो फोन उचलायला असा वेळ लावायचा की वाटावं, हा माणूस आधी दाढी करून येतोय. “मला बेकरीत कळतं,” ती म्हणाली. “केर्त्तूकडून. परक्या बाईकडून.” पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, “करणारच होतो फोन.” “कधी? मी मेल्यावर?” “रविवारी ये. कॉफीनंतर.” “आणि नाही आले तर?” “तर दगड तिथंच.” “मग राहू दे की तिथंच. कुणाचं काय अडलंय?” “पोरीनं फांदी खोचलीय, हेल्वे. नियम आहे.” “नियम कुणी केला?” “बापानं.” “बाप मेला.” “मेला,” ओस्मो म्हणाला. “गवत मी कापतो.” आणि त्यानं फोन ठेवला. हे असंच. सख्ख्या बहिणीशी चार शब्द बोलायचे तर याच्या जिवावर येतं. बाप गेला तेव्हाही हा दारात उभा राहून फक्त ‘आलीस’ म्हणाला होता, आणि आत जाऊन लाकडं फोडत बसला होता. तिच्या अंगाचा तेव्हा तिळपापड झाला होता, आत्ताही झाला. जायचं नाही, तिनं ठरवलं. बसू दे त्या पोरीला फांदी सांभाळत. वाळू दे ती फांदी. ओट्याशी उभ्या उभ्याच तिनं पावाचा तुकडा मोडला, आणि तो तोंडाकडं नेताना नेहमीप्रमाणे मान खाली झुकवली, कारण उजवा हात पुरता वळत नव्हता आणि पुरता सरळही होत नव्हता.

तो हात त्या फेकीतच गेला होता. लोकांना दगड ठाऊक होता, हात फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलला ऑलिंपिक होतं, निवड व्हायची होती, आणि शहरातल्या प्रशिक्षकानं तिला बजावून सांगितलं होतं, कोपर सुजलाय, महिनाभर भाल्याला शिवायचंसुद्धा नाही. ती तशी न शिवता घरी आली होती. मध्य-उन्हाळ्याचा सण होता, मैदानात माणसं जमली होती, शहरातल्या पोर्ट आर्थरकडची, पार मिनेसोटातून आलेली. बापानं तिला बाजूला घेतलं. त्याच्या तोंडाला कॉफीचा आणि आणखी कशाचातरी वास येत होता. “एकदाच टाक,” तो म्हणाला. “एवढी लोकं कशाला आलीयत? माझी पोरगी बघायला आलीयत.” “बाबा, हात दुखतोय.” “दुखणारच. लाकूड फोडताना माझा नाही दुखत?” ओस्मो तेव्हा फेकरेषेपाशी उभा होता, भाला पुसत. तो काहीच बोलला नाही. एक शब्द बोलला असता, बाबा, राहू द्या, एवढा एक, तर? हे ‘तर’ तिनं आयुष्यभर चघळलं. तिनं भाला घेतला आणि धावली. शेवटच्या पावलाला कमरेतून सगळं अंग जसं वळायला हवं तसं वळलं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, आणि हातातून भाला सुटताना कोपरात काहीतरी टचकन तुटलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज. तो फक्त तिला ऐकू आला, कारण लोक ओरडायला लागले होते. भाला गेला तो गेलाच. पडला तेव्हा सौनाचं धुराडं आणि तळ्यातला दुभंगलेला खडक यांच्या अगदी एका रेषेत पडला. तिथं बापानं गुडघे टेकून खिळा ठोकला, रडला, आणि भाल्याकडं बघत “माझी पोरगी” म्हणाला. हात पोटाशी धरून उभ्या असलेल्या पोरीकडं त्यानं पाहिलं नाही. ती फेक कुठंच धरली गेली नाही. मैदानाला तळ्याकडं उतार होता, फीत नव्हती, पंच नव्हता. मॉन्ट्रियलचे खेळ तिनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या टीव्हीवर पाहिले. डाव्या हातानं चादरी घड्या करत ती तिथं नुकतीच कामाला लागली होती. पुढं लग्न झालं, मोडलं, धुलाईखाना तेवढा टिकला. आणि दगड. माणसाकडं आपलं म्हणून काहीतरी असावं लागतं. कुणाकडं मुलं असतात, कुणाकडं घर. तिच्याकडं एका मैदानातली एक जागा होती. तिच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं.

कुणी गेलं नव्हतं, पण मार्केत्ता जवळ आली होती. त्र्याण्णव साली. तेव्हा ती विशीतली, दणकट खांद्यांची, आणि भाल्यासाठी वेडी झालेली. पहाटे उठून शेतातल्या गवताच्या गंजीवर भाले टाकायची म्हणे. त्या वर्षी हेल्वी मुद्दाम गेली होती, कारण लोक बोलत होते. मार्केत्तानं फेकलं आणि भाला दगडाच्या अलीकडं टोचला, एका बुटाच्या अंतरावर. एक बूट. मार्केत्ता धावत भाल्यापाशी गेली आणि तिथंच गवतात तोंड खुपसून पडली. हेल्वी पुढं झाली, तिच्या पाठीवर हात ठेवला, “पुढच्या वर्षी जाशील गं,” म्हणाली. शहराकडं गाडी चालवताना मात्र ती मोठ्यानं गात होती. खिडक्या उघड्या टाकून, घसा दुखेपर्यंत. त्याची तिला तेव्हा लाज वाटली नाही आणि नंतरही नाही. आपण तरी कुठं फुकट मिळवलं होतं? मार्केत्तानं पुन्हा भाल्याला हात लावला नाही. शाळेच्या बसवर लागली, लग्न केलं, आणि आता तिची पोरगी. देवाला खोड्या सुचतात त्या अशा.

जायचं नाही, असं ठरवलेली हेल्वी रविवारी गेली. नाही जायचं तर कुठं जायचं, हाही प्रश्नच होता. घरात बसलं तरी डोळ्यांसमोर तेच मैदान. शिवाय लोक म्हणाले असते, म्हातारीला सोसलं नाही. ते म्हणू नयेत म्हणून माणूस काय काय सोसतो. मैदानाच्या कडेला लांब टेबल, त्यावर कॉफीचं मोठं भांडं, वीस-पंचवीस माणसं, निम्मी काठी टेकत. ओस्मोनं लांबूनच मान हलवली. गवत असं बारीक कापलं होतं की त्यावर झोपावं. मार्केत्ता जाडावली होती, केस आखूड कापले होते. तिनं “आलीस, बरं केलंस” म्हटलं, आणि दोघींनी एकमेकींच्या कपाकडं पाहिलं. मग ती पोरगी आली. उंच, हातापायांनी मोकळी, गालावर मुरूम. “हेल्वीमावशी, हाय! मी सान्नी. खरं सांगू, मला वाटलंच नव्हतं. मी हॉकी खेळते ना, गोलमध्ये असते. भाला आपला वर्षातून एकदा, सणाला.” वर्षातून एकदा! हेल्वीनं कॉफीचा घोट गिळला, तो घशाला चटका देत गेला. “आणि मज्जा म्हणजे,” पोरगी सांगत होती, “लहानपणी मी त्या दगडावर बसून सँडविच खायचे. आई असली ओरडायची! उठ तिथून, तो बसायचा दगड नाही, म्हणून. तुमचा हात दुखतो ना, मावशी? मी उचलू का? उगाच तुम्हाला...” “सान्नी,” मार्केत्ता म्हणाली, “तू हात लावायचा नाहीस.” ते तिनं इतक्या जोरात म्हटलं की टेबलाजवळचं बोलणं थांबलं. सगळ्यांचे कप खाली गेले. वेळ झाली होती.

हेल्वी मैदानात चालत गेली. मागं लोक अर्धगोल करून उभे राहिले. पलीकडं, दगडाच्या हातभर पुढं, बर्चची फांदी, पानं सुकून गुंडाळलेली. दगड तिला लहान वाटला. चाळीसहून जास्त वर्षं तो तिच्या मनात वाढतच गेला होता, इथं मात्र तो कोबीच्या गड्ड्याएवढाच होता, एका बाजूनं शेवाळलेला. कणव आली तिला, दगडाची की स्वतःची कोण जाणे. ती गुडघ्यावर बसली, डावा हात त्याच्याखाली घातला, वाकडा उजवा हात वरून धरला आणि दगड पोटाशी ओढून घेतला. खाली नुसतं गवत होतं. पिवळं पडलेलं, चपटं झालेलं, पण जिवंत, या वसंतातलं गवत. खिळा नव्हता. तिनं डाव्या हाताची बोटं मोकळी करून माती चाचपली. नव्हता. जिथं दगड चाळीस-पंचेचाळीस वर्षं बसलाय तिथं काळी, उघडी माती हवी, किडे हवेत. तिनं मान वर केली. सौनाचं धुराडं, आणि तळ्यातला दुभंगलेला खडक. ती दोन्ही एका रेषेत नव्हती. धुराडं बरंच बाजूला सरकलं होतं. हे तिनं पूर्वीही एकदा पाहिलं होतं, बापाच्या मौतीला आली होती तेव्हा, आणि वाटलं होतं, सौना नव्यानं बांधलेला दिसतोय. धुराडं कशाला सरकतंय! धुराडी जागच्या जागीच असतात.

तिनं वळून ओस्मोकडं पाहिलं. तो कॉफीच्या रिकाम्या कपात बघत होता. गवत मी कापतो. कापायला दगड उचलावा लागतो, कापून झालं की पुन्हा ठेवावा लागतो. ठेवताना सरकतो थोडाफार, कुणाच्याही हातून सरकेल. पण चुकून सरकणारा दगड इकडंही सरकतो आणि तिकडंही. हा एकाच दिशेनं चालला होता, तळ्याकडं, पुढं पुढं, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, दर वसंतात दोन-तीन बोटं, चांगल्या दोन ढांगा होईपर्यंत. जो तिच्याशी सबंध आयुष्यात एक धड शब्द बोलला नाही, त्या दिवशी रेषेपाशी भाला पुसत गप्प उभा राहिला, त्यानं हे केलं होतं. अपराध्यासारखं, कुणाला न सांगता, इतकी वर्षं, तिच्यासाठी. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी तिला त्याचा इतका राग आला की दगड त्याच्या पायावर टाकावा. माया करायची होती तर तेव्हा तोंड उघडायचं होतंस. आता ही भीक कशाला? आणि मग तिला त्र्याण्णव साल आठवलं. एक बूट. तोवर किती बोटं सरकली असतील? बुटाहून कमी खास नाही. उघड्या खिडक्यांतून आपण गात गेलो ते कशासाठी? गप्प बसणं सोपं होतं. दगड हातात होता, फांदी हातभर पुढं होती, एक पाऊल टाकायचं, टाळ्या, सौना. कुणाला कळलं असतं? ओस्मो आणखी पाच-दहा वर्षांत मेला असता, ती मेली असती. पण मग ती फेक कुठं राहिली असती? कोपर तुटण्याचा तो आवाज जिथं जाऊन थांबला ती जागा गवताखाली, बिनदगडाची, कुणाची नसलेली राहिली असती. लोक ज्याच्यापुढं गेले नाहीत ते ओस्मोचं दान होतं. तिचं जे होतं ते तर इथं नव्हतंच. हात गेला तो त्या खिळ्यापायी गेला होता, या गवतापायी नव्हे. आपलं होतं तेवढं आपल्याला हवं, मग ते बोटभर कमी असो की ढांगभर.

ती उठली आणि फांदीकडं पाठ फिरवून लोकांच्या दिशेनं चालू लागली. “अगं हेल्वी, तिकडे नाही, इकडे!” कुणीतरी ओरडलं. “उलटी चाललीय ती,” दुसरं कुणी हळू आवाजात म्हणालं, “डोळ्यांना दिसत नाही का तिला?” ती धुराड्याकडं बघत, खडकाकडं बघत चालली, आणि दोन्ही एका रेषेत आल्यावर थांबली. दगड बाजूला ठेवून तिनं गवतात बोटं घातली. खिळा तिथं होता. गवताच्या मुळांत रुतलेला, गंजलेला, वरून घासून घासून गुळगुळीत झालेला. तिनं तो अंगठ्यानं दाबला, जरा वेळ तसाच दाबून धरला, आणि मग दगड त्यावर ठेवला. “हा माझा,” ती म्हणाली. “इथं पडला होता माझा भाला. तिथं नव्हता पडला.” ओस्मो पुढं झाला, हात लांब केले, “कापताना सरकतो गं, हेल्वे,” असं काहीतरी पुटपुटला. तिनं त्याच्याकडं न बघता म्हटलं, “तू हात नको लावूस. पुष्कळ लावलास.” ओस्मोचे हात तसेच राहिले. म्हाताऱ्या माणसाचे रिकामे हात फार मोठे दिसतात. त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं, कारण बघितलं असतं तर मनातलं सगळं बाहेर पडलं असतं.

सान्नी गोंधळली होती. “म्हणजे मी आणखीनच पुढे गेले की, मावशी! जवळजवळ...” ती हसायला लागली आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबली. “तू माझा विक्रम नाही मोडलास, पोरी,” हेल्वी म्हणाली. “माझा कधीच मोडला होता.” तेव्हा मार्केत्ता अर्धगोलातून बाहेर पडली. ती हेल्वीजवळ आली नाही. दगडाला वळसा घालून ती पुढं गेली, खाली न बघता, काही न शोधता, आणि एका जागी जाऊन थांबली. गवतात तिथं काहीही नव्हतं, खूण नाही, खड्डा नाही, काहीच नाही. पण तिचे पाय ती जागा ओळखत होते, जसे हेल्वीचे ओळखत होते. त्र्याण्णव साली तिचा भाला इथंच टोचला होता, इथंच ती तोंड खुपसून पडली होती. दगडापासून ती जागा दोन बूट पुढं होती. पुढं. मार्केत्ताचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. आता ही ओरडेल, हेल्वीला वाटलं, शिव्या देईल. दिल्या तर बरं होईल, रडली तर जवळ जाता येईल, पाठीवर हात ठेवता येईल. मार्केत्तानं यातलं काहीच केलं नाही. तिनं आपल्या बुटांच्या टोकांकडं बोट दाखवलं.

“दगड इकडे आण,” ती म्हणाली.

हेल्वी पुन्हा वाकली. या खेपेला कोपरातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काळोख आला, पण तिनं दगड उचलला. नुकताच तर ठेवला होता, पुरता टेकलाही नव्हता. ती दोन बुटांचं अंतर चालली. आयुष्यात कुठलं अंतर एवढं लांब लागलं नव्हतं. मार्केत्तानं हात पुढं केले, दगड घेतला, आणि तो पोटाशी धरून क्षणभर तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. हेल्वीला वाटलं, काहीतरी म्हणावं, माफ कर म्हणावं, मला ठाऊक नव्हतं म्हणावं. पण गाडीतलं ते गाणं घशात येऊन बसलं होतं, त्यानं शब्द बाहेर येऊ दिले नाहीत.

“फार उशीर केलात तुम्ही दोघांनी,” मार्केत्ता म्हणाली. मग तिनं पाठ फिरवली आणि दगड घेऊन फांदीकडं चालायला लागली, जड पावलांनी, मान ताठ ठेवून. सान्नी फांदीपाशी धावली. लोकांना काय करावं ते सुचेना. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. हेल्वीनंही वाजवायला हात वर केले. डावा सरळ झाला. उजवा नेहमीसारखाच कोपरात अडकला आणि पोटाशी वाकलेला राहिला, अजून दगड धरून असल्यासारखा.